धोंड्याचा महिना धरून मोजलं, भाऊजी

भाऊजी, तुम्ही गेलात हे अजून सगळ्या गावांना कळलेलं नाही. परवा आम्ही तेराव्याच्या पंगतीच्या पत्रावळी उचलत होतो तर मुधोळच्या गाडीनं दोघं उतरले, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. "किसनभाऊ हायेत का? कार्ड दाखवाचं हाय." तुमची गंगा आत निघून गेली. मीच सांगितलं. तर ते बिचारे पिशवी पाठीमागं लपवायला लागले, जशी काही चोरीचीच होती. मी म्हटलं, "बसा, जेवून जा. त्याहीचंच जेवण हाय."

तुमची खाट ओसरीवर तशीच आहे. उशाला ते जाड भिंग. कुणी खाटेवर बसत नाही. येणारा प्रत्येक जण खालीच बसतो, तुम्ही वर असल्यासारखा.

मला लिहिता येतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि कसं येतं तेही. शाळेचं तोंड पाहिलं नाही. तुमच्या दादांनी आणलेल्या पंचांगावरून अक्षरं जुळवली. आधी 'चैत्र' वाचायला शिकले, मग 'वैशाख', आणि बारा महिने होईतो अख्खं वाचायला लागले. त्यामुळं गावात तिथी विचारायला लोक माझ्याकडं यायचे. तुम्ही चिडवायचे, "आमची वहिनी म्हंजे बिनजानव्याचा जोशी." मला ते फार गोड लागायचं. तिथंच घात झाला.

आपल्याकडे, या तेलुगू सीमेवरच्या गावांत, समुद्रापल्याडच्या सगळ्या मुलखाला दुबईच म्हणतात. तुमची दुबई काही खरी दुबई नव्हती. एक खजुराचा मळा, चाळीस-पन्नास बकऱ्या, आणि बोलायला एक सुदानी म्हातारा. तिकडं राहायच्या परवान्याचं दोन वर्षांचं कार्ड. पासपोर्ट मालकाजवळ. कार्ड तुमच्या खिशात, पण त्यावरची अक्षरं अरबी, आकडे अरबी आणि तारीखही त्यांच्या चांद्रवर्षाची. मालकाला विचारलं की तो म्हणायचा, अजून लई वेळ हाय. शेजारच्या मळ्याचा मालक तुम्हाला घ्यायला राजी होता. दिवाळीला आधी घरी पाठवतो, मग ये, असं म्हणाला होता. अट एकच, कार्ड जिवंत असतानाच शहरात जाऊन कागद बदलायचा. म्हणून अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्याच्या तोंडाला तुम्ही भैंशाच्या एका माणसाबरोबर कार्डाची झेरॉक्स पाठवली. सोबत चिठ्ठी: "वहिनी, हे कधी संपते तेवढं कोनाकडून वाचून लिवजा. माहा भरोसा तुमच्यावर."

मी मुधोळला गेले. उर्दू शाळेचे म्हातारे मास्तर होते, निजामाच्या वेळचे. त्यांनी चष्मा पुसून वाचलं, "जिल्हेजच्या आखरीला खतम. चाँद दिखला, मोहरम लागला, की समजा मुदत गेली." मग म्हणाले, "बैठो बाई, मशिदीतून कॅलेंडर मंगवतो. नेमकी तारीख लिहून देतो." मी म्हटलं, "नाही मास्तर, गाडी निघून जाईल. मोहरम मले समजते."

मोहरम मला समजतो! आपल्या गावात पिरांच्या सवाऱ्या बसतात, आपली माणसं त्यांना खांदा देतात, मला समजणार नाही तर कुणाला? मागल्या साली पोळा झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोहरमचा चंद्र दिसला होता, हे मला स्वच्छ आठवत होतं. मग यंदाही पोळ्यानंतरच. त्यांचा चंद्र काय आणि आपला चंद्र काय, आभाळ तर एकच. मी तिथंच, गाडीत, मनात मोजून टाकलं. घरी येऊन लिहिलं, "भाऊजी, पोळ्यापर्यंत काही काळजी नाही. पोळ्याच्या आधी आठ दिवस जा."

नवं पंचांग घरात येऊन तेव्हा आठ दिवस झाले होते. त्यात प्रत्येक महिन्याच्या पानावर, खाली कोपऱ्यात, मुसलमानी महिना छापलेला असतो. बारीक अक्षरात. मी पाहिलंच नाही. कशाला पाहू? मला येत होतं ना!

त्या वर्षी ज्येष्ठात धोंडा होता. आपलं वर्ष उन्हापावसाशी जुळावं म्हणून तिसऱ्या वर्षी एक महिना जास्तीचा घालतात, तो धोंड्याचा महिना. त्यात लग्न नाही, मुंज नाही. आपल्या लोकांत तो महिना धरतच नाहीत. आला तसा जातो. त्यांच्या वर्षात असा महिना नाहीच. बारा चंद्र झाले की वर्ष संपलं. म्हणजे आपल्याकडे धोंडा आला की त्यांचा मोहरम महिनाभर अलीकडं येतो. मी त्या धोंड्यात जावयाला बोलावून अनारसे खाऊ घातले. चांदीच्या वाटीत. तुम्हाला पत्रही लिहिलं की अनारसे जाळीदार झाले. महिना खाल्ला आणि मोजला मात्र नाही.

आखाडाची अमावस्या झाली. दिवेलागणीला मी अंगणात ज्वारी पाखडत होते. भिंतीपलीकडून फातिमाबीनं हाक मारली, "वहिनी, चाँद दिख गया! कल से डफाँ बजते."

"कोनता चाँद?"

"मोहरम का, और कौनसा?"

मी म्हटलं, "आत्ताच काऊन? पोळा तर एक महिना हाय अजून!"

ती हसायला लागली. "अगे, तुमारा धोंडा आया ना अबके साल. तुमारा धोंडा आया तो हमारा चाँद आगे सरकता. पोथी पढते, इत्ता नै मालूम?"

भाऊजी, सूप माझ्या हातात तसंच राहिलं. कोंडा डोळ्यांत उडाला, त्याचं बरं झालं. फातिमाबीला वाटलं त्यानंच पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी कापूस खुरपायला जाते असं सांगून मी भैंशाला गेले. तारघरात. तुमचा पत्ता म्हणजे मालकाच्या टपालपेटीचा नंबर, दुसरं काही नाही. तारबाबू तेलुगू माणूस, मोडक्या हिंदीत बोलत होता. मी सांगितलं, लिही: कार्ड संपलं, माझं चुकलं, आजच जा. त्यानं इंग्रजीत लिहिलं आणि म्हणाला, "अम्मा, ये बीच का निकालो. 'मेरी गलती' क्यूँ? काम की बात तो आगे-पीछे है." मी म्हटलं, "नक्को. ते राहू दे." त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं फॉर्मची एक प्रत मला दिली. ती मी घरी आणली. त्यातली इंग्रजी अक्षरं, शेवटी माझं नाव, पाटीवर कितीदा तरी गिरवली. मला तेवढंच इंग्रजी येतं, भाऊजी. आजही.

तार पोचली की नाही, काही कळलं नाही. घरी मी कुणाला बोलले नाही. गावात डफ वाजत होते, सवाऱ्या निघत होत्या, आणि मी प्रत्येक सवारीपुढं ऊद टाकत होते, मनातल्या मनात एकच मागत होते. मग दोन महिन्यांनी भैंशाचाच माणूस सांगत आला, किसनला धरलं. मोहरमच्या आठव्या दिवशी शहराकडं निघालात, वाटेत चौकीवर कार्ड पाहिलं, कार्ड मेलेलं. तुम्ही म्हणत होता, अजून पोळा व्हायचा आहे. त्यांना पोळा काय समजणार?

मार्गशीर्षात सासूबाई गेल्या. शेवटचे चार दिवस विचारत होत्या, "किसन दिवाळीले येनार होता न?" अग्नी दादांनी दिला. तुम्ही तेव्हा तिकडं जेलात, उघड्या फरशीवर.

तुम्ही माघात आलात. डोकं भादरलेलं, हातात एक पत्र्याची पेटी. दहाही बोटांचे ठसे घेऊन पाठवलेलं, म्हणजे तिकडचं दार कायमचं बंद. दारात अर्धं गाव जमलेलं. मी भाकरतुकडा घेऊन ओवाळायला पुढं झाले. तुम्ही माझ्याकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालात, "वहिनी, माहं मोजनं चुकलं."

मी भाकरतुकडा ओवाळला आणि टाकला. बोलले नाही. बोलायची वेळ तीच होती. नंतर उंबरा ओलांडून तुम्ही आत आलात आणि ती वेळ बाहेरच राहिली.

मग हसायचे दिवसही आलेच. तुम्ही गावच्या बकऱ्यांना अरबीत हाकायला लागलात. "यल्ला, यल्ला!" महिनाभरात बकऱ्या शिकल्या. गंगा म्हणायची, "जनावरं शिकली, मले शिकवा म्हटलं तर म्हनतात तुले काय कराचं." आणि कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ तिकडं जायला निघाला की तुम्ही त्याला खाटेजवळ बसवून घ्यायला लागलात. आधी मला वाटलं, दुःख उगाळून राहिले. मग पाहते तर दुःखाचं नावच नाही. तुम्ही एकेकाला कोर्टातल्या वकिलासारखं फैलावर घेत होता.

"कार्ड कधी संपते?"

"मालक म्हंते..."

"मालक गेला खड्ड्यात. कार्ड काय म्हंते?"

दोन्ही तारखा लिहून घ्यायला लावायचे, त्यांची आणि इंग्रजी. पासपोर्टचा नंबर नुसता खिशात नको, खिसा तर मालकाच्याच खुंटीला असतो, म्हणायचे. तो घरच्या पेटीच्या झाकणात आतून रंगानं लिहून ठेवायचा आणि बायकोनं तोंडपाठ करायचा. आपल्या आळीतल्या बाया धुणं धूत धूत नंबर म्हणायच्या, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मुदत संपली तर लपायचं नाही. "सोताच्या पायानं आपल्या देशाच्या कचेरीत जाचं. आपुन गेलेला मानूस अन् पकडून नेलेला मानूस, दोघायचा कागद येगळा बनते. म्या दुसरा कागद पायला हाय."

आणि तो नियम, माझ्या काळजावर काट्यासारखा बसलेला: "एकट्यानं मोजलेलं धराचं नाही. दोघांनी येगयेगळं मोजाचं, जमलं तरच खरं. म्या एकट्यानं मोजलं, म्हून फसलो."

प्रत्येक माणसाला हे सांगायचे. मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला वाती वळत बसलेली असायची. दहा वर्षं, भाऊजी. दहा वर्षं मी ते ऐकलं आणि वाती वळल्या.

आपलं एक भांडण राहूनच गेलं. तिकडच्या सरकारनं माफीची मुदत काढली होती बघा: ज्यांचे कागद संपलेत त्यांनी इतक्या दिवसांत मुकाट निघून जा, शिक्षा नाही. तुम्ही सायकल काढून गावोगाव फिरलात. "शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, शेवटच्या दिवशी सारी दुनिया रांगेत राह्यते." मी तुमच्याशी भांडले. म्हटलं, "काऊन बोलवून राह्यले सगळ्याले? ते तिथं कष्ट करून खातात, चोरी नाही करत. कागद संपला म्हून का हात संपले? इथं येऊन काय करतील, कापूस वेचतील?"

तुम्ही म्हणालात, "वेचतील. उजेडात वेचतील, वहिनी. पोलिसाची गाडी दिसली की झाडोऱ्यात लपून नाही वेचनार."

मी म्हटलं, तुम्हाला एकदा भीती बसली म्हणून तुम्ही सगळ्यांना घाबरवता. तुम्ही चहा तसाच ठेवून सायकल घेऊन निघालात. ते मी बोलायला नको होतं. मीच दिलेली भीती, आणि मीच तिचा टोमणा मारला. पण खरं सांगू, अजूनही मला वाटतं मी अर्धी बरोबर होते. माणसाचं जिणं एका कागदावर टांगलेलं असावं हे मला पटत नाही. तुम्हाला तरी कुठं पटत होतं? तुम्ही फक्त टांगलेल्याला दोर कुठवर आहे ते सांगत होता. हे उत्तर मला आज सुचलं. तेव्हा सुचलं असतं तर भांडण तिथंच मिटलं असतं आणि चहा थंड झाला नसता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

चौदाव्या दिवशी गंगा तुमची पत्र्याची पेटी घेऊन माझ्यासमोर बसली. रेशनचं कार्ड सापडत नव्हतं. झाकणात तुमचा जुना पासपोर्ट नंबर, रंग उडालेला. तळाशी एक कापडी बटवा. त्यात मेलेलं कार्ड, आईचा फोटो आणि एक घडी घातलेला कागद. घडी उलगडली. इंग्रजी अक्षरं. गंगा म्हणाली, "हे काय हाय बाई, कोनाले वाचून दाखवू?"

मी म्हटलं, "नोको. मले येते."

एक एक अक्षर पाटीवर गिरवलेलं. शेवटी माझं नाव.

तार पोचली होती. तुम्हाला धरल्यावर पोचली असेल, मालकानं तुमचं सामान बांधून पाठवलं तेव्हा पेटीत टाकली असेल. जेलात कुणाकडून तरी वाचून घेतली असेल. कसं का असेना, दारात उभे राहून माझ्याकडं पाहिलंत तेव्हा ती तुमच्या हातातल्या पेटीत होती. माझं चुकलं हे तुम्हाला माझ्याच शब्दांत ठाऊक होतं. आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही सगळ्या गावासमोर ते स्वतःवर घेऊन टाकलंत. उगाच नाही पहिलं वाक्य तेच बोललात! मी म्हातारी होईतो समजत होते की मी तुमच्यापासून लपवून राहिले. लपवून तर तुम्ही राहिले होता, माझ्यासाठी, माझ्यापासूनच.

का बोलला नाहीत? रागवला असता तर बरं झालं असतं. एकदा तरी म्हणायचं, वहिनी, तुमच्यामुळं माय शेवटची दिसली नाही. मी पाय धरले असते. आता धरू कुणाचे? खाटेचे?

काल एक माणूस आला, इचोड्याहून. तिथं हमरस्त्यावरच्या ढाब्यावर रोट्या भाजतो. त्याचा भाऊ तिकडं मळ्यातच आहे, मालक कार्ड वाढवत नाही. खिशातून झेरॉक्स काढली. म्हणाला, "मौलवीनं वाचलं, जमादिलाखरच्या आखरीले संपते. मंग रज्जब लागते. मागल्या साली रज्जब दिवाळी झाल्यावर लागला होता. म्हंजे दिवाळीपर्यंत हाय त्याले. तसंच कळवून टाकतो."

मी तुमच्या खाटेवर बसले, भाऊजी. माफ करा. खाली बसून ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

पंचांग उघडलं. यंदा पुन्हा ज्येष्ठात धोंडा आहे. बोटांवर मोजलं, धोंडा धरून. खालच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर तुमच्या भिंगातून पाहिलं. मग भिंतीपलीकडं हाक मारली. फातिमाबी आता गुडघ्यांनी थकली आहे, पण आली. तिला मी काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, जमादिलाखर संपतो ते आमच्या कोणत्या सणाला, तू तुझ्या परीनं मोज. तिनं डोळे मिटून आपले महिने म्हटले, ओठ हलवत. जिल्काद, जिल्हेज, मोहरम, सफर... आणि डोळे उघडले. "तुमारे पितराँ जिमाते ना, वो अमास. उसके दूसरे दिन रज्जब का चाँद."

माझंही तेच आलं होतं. सर्वपित्री अमावस्या. दिवाळीच्या एक महिना आधी.

त्या माणसाचा चेहरा उतरला. "पक्कं का, बाई? मौलवी तर..."

"मौलवीचं वाचनं बरोबर हाय. मोजनं तुमचं चुकलं. धोंडा धरला नाही तुमी." मग म्हटलं, "अशीच मी चुकले होते. किसनभाऊजी धरल्या गेले ते माह्या मोजन्यानं. ते सगळ्याले सांगत, मी चुकलो म्हून. ते नाही चुकले. मी चुकले."

फातिमाबीनं तोंडावर पदर घेतला. गंगा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती पुढं आली, एक कप त्याला दिला, एक फातिमाबीला, आणि एक माझ्यापुढं ठेवला. खाटेवरच ठेवला. म्हणाली, "इंग्रजी तारीखबी लिहून द्या त्याले. ते दोन्ही लिहून देत." तेवढंच. माझ्याजवळ बसली. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि तो तिनं काढला नाही.

दोन्ही तारखा लिहून दिल्या. सांगितलं, सर्वपित्रीची वाट पाहू नको म्हणावं, पोळ्याच्या आधीच आपल्या कचेरीत जा म्हणावं, स्वतःच्या पायानं. त्यानं कागद दोनदा वाचून खिशात ठेवला आणि बाहेर पडला.

वर्ष भरल्याशिवाय गेलेल्याला पितरांत धरत नाहीत, म्हणून यंदा तुमचं पान नाही. पण सर्वपित्रीला मी ओसरीवर बसेन. त्याचा भाऊ तिकडून निघाला की नाही ते सांगायला इचोड्याचा माणूस येतो म्हणालाय. आणि तुमचं वर्ष कधी भरतं तेही मोजून ठेवलंय, धोंडा धरून. फातिमाबीकडूनही मोजून घेतलंय. दोघींचं जमलं, भाऊजी.